वर्ष संपताना चित्रकाराने काय पाहावं, पुढचं काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून तुम्ही चित्रं काढता. दर डिसेंबरात वहीत संकल्पांची यादी होते, फेब्रुवारीपर्यंत ती मागे पडते आणि वर्षाच्या शेवटी 'यंदा काहीच झालं नाही' एवढंच मनात उरतं. मग मागे वळून नेमकं काय पाहायचं, पुढच्या वर्षाची आखणी कशी करायची, आणि प्रदर्शनासाठी अर्ज करावा की थांबावं? मी बरीच वर्षं तैलरंगात आणि कागदावर काम करते, शिकवतेही. त्या अनुभवातून जरा सविस्तर लिहिते.

यादी करायला बसूच नका. आधी काम बाहेर काढा. 'काहीच झालं नाही' हे तुमची आठवण सांगतेय, आणि या बाबतीत आठवणीवर विसंबण्यात अर्थ नसतो. तिला शेवटचे दोन महिने ठळक दिसतात, एखादं फसलेलं मोठं चित्र ठळक दिसतं, कुणी केलेलं कौतुक ठळक दिसतं. मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर केलेलं रेखाटन, ज्यात पहिल्यांदा हात मोकळा झाला होता, ते तिच्या खिजगणतीत नसतं. म्हणून वर्षभराचं झाडून सगळं काम एका जागी आणा. पूर्ण झालेली चित्रं, अर्धवट कॅनव्हास, स्केचबुकं, रंगांच्या चाचण्यांचे कागद, फाडायला म्हणून बाजूला ठेवलेलंसुद्धा. विकलेल्या किंवा भेट दिलेल्या चित्रांचे फोटो छापून त्या जागी ठेवा. सुट्टीचा दिवस पाहा, दिवसाचा उजेड असू द्या, आणि तारखेच्या क्रमाने सगळं जमिनीवर मांडा. तारखा घातलेल्या नसतील तर अंदाजाने लावा. आणि आजपासून प्रत्येक कामाच्या मागे तारीख घालायला लागा, कारण पुढच्या वर्षी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पहिल्या फेरीत चांगलं-वाईट ठरवू नका. पुनरावृत्ती शोधा. एकेकटं चित्र पाहताना जी सवय दिसत नाही ती पंचवीस-तीस कामं शेजारी मांडली की लपत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा समज होता की तिचा रंग कच्चा आहे. वर्षभराची निसर्गचित्रं मांडली तेव्हा दिसलं की रंग बरा होता, पण जवळजवळ प्रत्येक चित्रात क्षितिजरेषा एकाच उंचीवर होती. डोंगर असो, पाणी असो, इमारती असोत, रेषा तिथेच. कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की ती कायम त्याच बुटक्या स्टुलावर बसून काम करायची आणि कोऱ्या कागदावर पहिली गोष्ट म्हणून क्षितिज ओढून मोकळी व्हायची. रचनेचा निर्णय रचनेचा विचार सुरू व्हायच्या आधीच झालेला असायचा. पुढचे काही महिने तिने उभं राहून काम केलं आणि क्षितिज सगळ्यात शेवटी ठरवलं. रंगाची तक्रार पुन्हा निघाली नाही. 'रंगावर मेहनत घेईन' हा संकल्प तिने केला असता तर वर्ष चुकीच्या दारावर धडका देण्यात गेलं असतं.

तुमच्या कामात अशा जागा असणारच. सगळ्यात गडद भाग नेहमी एकाच कोपऱ्यात येतो का? चौकटीच्या कडांपाशी ब्रश सैल पडतो का? तयार मिळणाऱ्या कागदाचा आकारच तुमच्या रचना ठरवतोय का? चेहरे कायम एकाच दिशेला वळलेत का? चित्रं उलटी करून पाहा, आरशातही पाहा. आपल्याच चुका डोळ्याला सरावाच्या झालेल्या असतात, आरशात त्या परक्या वाटतात म्हणून सापडतात. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना हाच सल्ला लिहून ठेवलाय आणि तो आजही तितकाच कामाचा आहे.

दुसरी फेरी मला स्वतःला जास्त शिकवते. काम चालू असताना प्रत्येक बैठकीच्या शेवटी मोबाइलवर एक फोटो काढायचा, एवढी शिस्त ठेवली असेल तर वर्षअखेरीस प्रत्येक चित्राचे टप्पे शेजारी ठेवता येतात. मग विचारायचं की हे चित्र सगळ्यात जिवंत कुठल्या टप्प्यावर होतं. बऱ्याच जणांना उत्तर मिळतं, शेवटच्या टप्प्याच्या आधी. मधल्या अवस्थेत मोठे आकार एकमेकांशी बोलत असतात, कडा कुठे तीक्ष्ण तर कुठे विरघळलेल्या असतात. शेवटच्या दोन बैठकांत सगळीकडे सारखाच तपशील भरला जातो आणि चित्र थिजतं. हे एखाद्या चित्रात झालं तर सोडून द्यावं. वर्षभर होत असेल तर तुमचा खरा प्रश्न 'कुठे थांबायचं' हा आहे, आणि पुढच्या वर्षाच्या आखणीचा मोठा भाग तिथेच ठरला. या वर्षीचे टप्पे नसतील तर हळहळू नका, हातातल्या चित्रापासून फोटो सुरू करा.

कामाकडे असं रोखून पाहिल्याने काय होऊ शकतं याचं मला फार आवडतं उदाहरण अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफचं आहे. १९१५ साली ती अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या एका कॉलेजात शिकवत होती, तिशीही गाठली नव्हती. तिने आपली चित्रं मांडली आणि त्यांत तिला आपले शिक्षक दिसले. हे या गुरूला आवडेल असं, ते त्या गुरूच्या वळणाचं. मग तिने रंग बाजूला ठेवले आणि फक्त कोळशाने, डोक्यात असलेले पण कुणी न शिकवलेले आकार काढायला घेतले. ती रेखाटनं तिने मैत्रिणीला पाठवली, मैत्रिणीने ती १ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आणि गॅलरीचालक आल्फ्रेड स्टिग्लिट्झला दाखवली, आणि त्याच वर्षी त्याने ती आपल्या गॅलरीत लावली. लोक यातला स्टिग्लिट्झचा भाग रंगवून सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो आधीचा भाग: सगळं काम समोर मांडणं, 'यात माझं काय आहे' हे विचारणं, आणि मिळालेल्या उत्तरावरून एकच निर्णय घेणं. तिने दहा संकल्प केले नाहीत. रंग काढून टाकला, बाकी सगळं त्यामागून आलं.

तुमच्या 'काहीच झालं नाही'मध्ये आकड्याची सल आहे असं मला वाटतं. दुसरे कुणी भराभर काम करताना दिसतात आणि आपली संख्या तोकडी वाटते. चित्रकार पॉल क्लेने १९३९ या एका वर्षात आपल्या यादीत १,२५३ कामं नोंदवली. तेव्हा तो गंभीर आजारी होता आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेला. त्यांतली बहुतेक रेखाटनं आहेत. उलट आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. बराचसा काळ पाहण्यात, थांबण्यात, विचारात जाई. या दोघांपैकी कुणाचं वर्ष भरगच्च आणि कुणाचं रिकामं, हे ठरवून दाखवा. संख्येवरून एवढंच कळतं की तुमच्या कामाचा स्वाभाविक वेग काय आहे, आणि आखणी करताना ती माहिती लागते. त्यापलीकडे तिला किंमत देऊ नका. समाजमाध्यमांवर कोणत्या चित्राला किती पसंती मिळाली हेही या दिवशी पाहू नका. मोबाइलच्या पडद्यावर उठून दिसणारी चित्रं वेगळी आणि तुमच्या कामाला पुढे नेणारी वेगळी असू शकतात.

आता अर्धवट कामांचं. ती खोलीत भिंतीला टेकून उभी असतात आणि वर्षभर डोळ्यांनी टोचत राहतात. प्रत्येकापुढे उभं राहून ठरवा: पुढे न्यायचं, त्यावर नवं चित्र करायचं, की जसं आहे तसं पूर्ण मानायचं. शेवटचा पर्याय लोक विसरतात. त्यावर नवं करायचं असेल तर तांत्रिक बाजू सांभाळा. तैलरंगाच्या थरावर अॅक्रिलिक नीट धरत नाही, काही काळाने सुटतं. उलटं, म्हणजे वाळलेल्या अॅक्रिलिकवर तैलरंग, चालतं. जुन्या चित्राचा जाड पोत नव्या चित्राखालून वर दिसत राहतो, तेव्हा तो आधी घासून घ्या किंवा जाणूनबुजून वापरा.

आणि वर्षअखेरीच्या उदास मनाने काही फाडू नका. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १९०८ साली ठरलेल्या प्रदर्शनाच्या तोंडावर आपली किमान पंधरा कमळतळ्याची चित्रं नष्ट केली. ते प्रदर्शन पुढे ढकललं गेलं आणि १९०९ मध्ये ४८ चित्रांनिशी भरलं. त्याच्यामागे तेव्हा आयुष्यभराची कमाई होती, आपण तो हक्क इतक्या सहज घेऊ नये. नको वाटणारी कामं बांधून, वर तारीख घालून वर्षभर नजरेआड ठेवा. पुढच्या वर्षी उघडल्यावरही नकोच वाटली तर खुशाल काढून टाका.

मांडणीच्या याच दिवशी नोंदवही पुरी करून घ्या, कारण सगळं हाताशी असतं. हे काम रटाळ वाटतं, पण थोर चित्रकारांनी ते मन लावून केलंय. सतराव्या शतकात क्लोद लोरांने आपल्या चित्रांची रेखाटनरूप नोंद एका वहीत ठेवली, बऱ्याच पानांच्या मागे चित्र कुणासाठी केलं तेही लिहिलं. ती पानं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. क्लेने १९११ मध्ये आपल्या कामांची यादी हाताने लिहायला घेतली आणि बालपणीच्या निवडक चित्रांपासून मागचं सगळं लावून काढलं. एडवर्ड हॉपरच्या नोंदवह्यांत चित्राचं छोटं रेखाटन त्याने काढायचं आणि वर्णन बहुतांशी त्याची चित्रकार पत्नी जोसेफिन लिहायची. चित्र कुठे गेलं, कितीला गेलं, गॅलरीचा वाटा किती, सगळं त्यात आहे. तुम्हाला एक साधी वही किंवा संगणकावरचा तक्ता पुरे: शीर्षक, माध्यम, आकार (उंची आधी, मग रुंदी), वर्ष, चित्र सध्या कुठे आहे, कुणी घेतलं. त्यात माझी एक भर अशी की कोणत्या रंगद्रव्यांनी केलं तेही लिहा. पारंपरिक अॅलिझरिन क्रिमझनसारखे काही रंग उजेडात फिके पडतात. आठ-दहा वर्षांनी एखाद्या चित्रातला लाल उडालेला दिसला तर तोच रंग आणखी कुठल्या चित्रांत आहे हे वहीतूनच कळतं. रंगांच्या ट्यूबा तपासायच्या असतील तर तेही आत्ताच करा. प्रकाशात टिकण्याची प्रत ट्यूबवर छापलेली असते, कमी टिकाऊ रंग बदलून टाका.

पैशाचा हिशेब दुसऱ्या दिवशी करा, आणि ही वाटणी मी कटाक्षाने पाळते. खर्च किती झाला, फ्रेमिंगवर किती गेला, विक्रीतून काय आलं, हे माहीत हवंच. पण दोन्ही हिशेब एकाच बैठकीत घेतले की विकलेलं चित्र चांगलं दिसायला लागतं आणि न विकलेलं खटकायला लागतं, तुमच्या नकळत.

वेळेचा हिशेब मात्र चित्रांबरोबरच पाहा. नोकरी करणाऱ्या माणसाच्या वर्षात चित्रांचे तास थोडेच असतात, तेव्हा ते कुठे गेले हे कळायला हवं. रोजनिशी नसेल तर चित्रांमागच्या तारखा आणि फोटोंच्या तारखा पुरतात. ज्या आठवड्यांत काम वाहतं होतं त्यांच्या आधी काय घडलं होतं ते शोधा. कुणाला आढळतं की एखादं प्रदर्शन पाहून आल्यावर हात चालला. कुणाला आढळतं की आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या पाच तासांपेक्षा दिवसाआड मिळणाऱ्या तासाभरात जास्त झालं, कारण विषय डोक्यात गरम राहिला. याच्या उलटही असतं. मोठ्या तैलचित्राला सलग वेळ लागतो, पॅलेट मांडण्या-आवरण्यातच तास निघून जातो. आणि फ्रेम करून आणणं, फोटो काढणं, माहिती लिहिणं, पॅकिंग, पाठवणं या सगळ्यालाही वेळ लागतो. तो कामातच धरा. न धरल्यामुळेच बहुतेकांची आखणी कोलमडते, आणि दोष मात्र आळसाला दिला जातो.

एवढं झाल्यावर पुढच्या वर्षाकडे वळा. माझं ठाम मत आहे की वर्षासाठी चित्रांची संख्या ठरवू नये, प्रश्न ठरवावा. 'वीस चित्रं करेन' हा संकल्प दोन आठवडे आजारी पडलात की मोडतो, आणि एकदा मोडला की उरलेलं वर्ष अपराधी वाटण्यात जातं. 'कडा विरघळवून आकार टिकतो का?' किंवा 'तीनच रंगांत रात्रीचा उजेड आणता येतो का?' असा प्रश्न असेल तर खंड पडला तरी तो तुमची वाट पाहत थांबतो, जिथे सोडला तिथून पुन्हा धरता येतो. तो एका ओळीत मावायला हवा आणि जमिनीवर मांडलेल्या कामातून निघालेला हवा. दुसऱ्याच्या चित्रात पाहून घेतलेला प्रश्न तुमच्या हाताशी जुळत नाही. त्याला एक बंधनही जोडा: एकच माध्यम, किंवा एकच आकार, किंवा एकच विषय. बंधनामुळे रोज सुरुवात कुठून करायची हा घोळ उरत नाही, आणि थोडा वेळ असलेल्या माणसाला हा घोळच सगळ्यात महाग पडतो.

प्रश्नाला वर्ष पुरेलच असंही नाही. मोनेने फ्रान्समधल्या रूआं शहराच्या कॅथेड्रलसमोर १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं काही महिने मुक्काम ठोकून तिसाहून जास्त कॅनव्हास केले, एकाच दर्शनी भागावरचा बदलता प्रकाश टिपत, उजेड सरला की एक बाजूला ठेवून दुसरा घेत. मग ते घरी नेऊन स्टुडिओत बराच काळ त्यांवर काम केलं आणि त्यांतले वीस १८९५ मध्ये लोकांपुढे ठेवले. डिसेंबर १८९२ मध्ये त्याने वर्षाचा ताळेबंद मांडला असता तर हाती अपुरे कॅनव्हासच आले असते. तेव्हा चालू असलेली मालिका ३१ डिसेंबरला 'अपयश' या रकान्यात टाकू नका.

ज्या गोष्टींना बाहेरची तारीख आहे त्या मात्र काटेकोरपणे, उलट्या क्रमाने आखा. प्रदर्शनाची तारीख लिहा. त्याआधी चित्रं पोचवण्याची, त्याआधी फ्रेमिंगची, त्याआधी फोटोंची, आणि त्याआधी वाळण्याची मुदत. तैलरंगात हे फार महत्त्वाचं आहे. अंबरसारखा रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, जाड थर वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो. पारंपरिक अंतिम वॉर्निशसाठी, म्हणजे चित्रावरच्या शेवटच्या संरक्षक थरासाठी, सहा महिने ते वर्षभर थांबण्याची रीत आहे. म्हणजे नोव्हेंबरातल्या प्रदर्शनासाठी शेवटचं मोठं तैलचित्र उन्हाळ्यातच हातावेगळं व्हायला हवं. उशिरा सुचलेल्या कामांसाठी कागद किंवा अॅक्रिलिक ठेवा. तारखा अशा मागे मागे नेल्या की कळतं, वर्ष बारा महिन्यांचं असलं तरी नव्या कामासाठी त्यातले सात-आठच मोकळे आहेत. त्यांतलाही एक महिना कशालाच देऊ नका, कुठेतरी गरज पडतेच.

आखणी दर तीन महिन्यांनी उघडून पाहा. तेव्हा एकच पाहायचं: ठरवलेला प्रश्न अजून जिवंत आहे का? असेल तर पुढे चला. नसेल तर बदला, डिसेंबरपर्यंत ओढत नेऊ नका. जमलं तर एखाद्या विश्वासातल्या चित्रकार मित्राला ही मांडणी दाखवा. 'कसं वाटलं?' विचारलं की माणूस बरं बोलतो. 'कुठल्या चित्रापाशी थांबलास आणि कुठल्यावरून नजर सरकली?' असं विचारा, आणि तो सांगेल ते खुलासा न करता लिहून घ्या.

राहिला अर्जाचा प्रश्न. मांडलेल्या कामात एकमेकांशी नातं सांगणारी आठ-दहा चित्रं दिसतात का ते पाहा. विषय वेगळे असले तरी चालतील, पण पाहण्याची दृष्टी एक हवी. तशी दिसली तर या वर्षी अर्ज करा, आत्मविश्वास येण्याची वाट पाहू नका, तो बहुधा चित्रं भिंतीवर लागल्यावरच येतो. दोन-तीनच सापडली तर एकल प्रदर्शनाचा विचार लांबवा, समूहप्रदर्शनासाठी त्याच दोन-तीन चित्रांचा अर्ज करा, आणि वर्षाचा प्रश्न त्यांच्यातूनच निवडा, म्हणजे पुढची चित्रं त्यांच्या शेजारी बसतील अशी होतील. अर्ज करा वा न करा, फोटो मात्र आत्ताच, सगळं बाहेर आहे तोवर काढून घ्या: चित्र उभं, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि चित्राच्या मध्याच्या उंचीला, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ४५ अंशांत एकसारखे दिवे, खोलीतला बाकी उजेड बंद, आणि रंग जुळवायला पहिल्या फोटोत एक करडं कार्ड. फ्रेमच्या काचेतून फोटो काढू नका, त्यासाठी फ्रेम खोलावी लागली तरी खोला. मूळ फाइल्सची एक प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवा, आणि फाइलच्या नावात नोंदवहीतलाच क्रमांक घाला.